आमची मुलगी पळाली त्या दिवशी

मुलगी पळून जाणार हे आमच्या घरात पंधरा दिवस आधीच ठरलं होतं. तिची बॅग मीच भरली.

मुलगा जातीबाहेरचा. माझ्या मोठ्या दिरांनी यांना लहानाचं मोठं केलं, आणि त्यांनीच सांगून टाकलं, "तुमी त्या लग्नात गेले, तर माह्या घरची पायरी चढू नका." यांना भाऊही हवा होता आणि लेकही. मग मुलीनेच तोड काढली. "मी पळून गेले म्हणून सांगा. तुमच्यावर कोण रागावेल? उलट कीव करतील." मला कीव नको होती. मला चारचौघांत लेकीच्या लग्नात मिरवायचं होतं. पण दोन वर्षांच्या वादावादीने मी इतकी शिणले होते, की हो म्हणून मोकळी झाले.

फाल्गुन संपत आला होता, दारचा कडुनिंब फुलला होता. सकाळी मुलीचा ऑटो निघाला आणि मला टेबलावर तिचा चार्जर दिसला. पळून जाणाऱ्या मुलीमागे चार्जर घेऊन मी प्रताप नगरच्या चौकापर्यंत धावले. मग हे मेट्रोने आणि मी बसने, असे चोरासारखे वेगवेगळे गेलो.

लग्न मुलाच्या मावशीच्या गच्चीवर लागलं. गुरुजी धरून नऊ माणसं. अक्षता टाकायला हातच कमी, म्हणून प्रत्येकाने मुठी भरभरून टाकल्या. मला रडूसुद्धा आलं नाही. दुपारच्या आत घरी पोचायचं, एवढंच डोक्यात होतं.

घरी येऊन जरीची साडी कपाटात कोंबली, घरातली सुती नेसले. यांनी फोन लावला. "दादा, पोरगी पळाली." बोलता बोलता यांचा आवाज खरंच फुटला.

संध्याकाळी दीर आणि जाऊबाई आले. दीर सोफ्यावर मान खाली घालून बसले. "काहून केलं असन पोरीनं असं? आपण का वैरी होतो तिचे?" मला त्यांचा संताप आला, आणि गप्प बसलेल्या स्वतःचा त्याहून जास्त. चहाचं निमित्त करून मी स्वयंपाकघरात गेले. मागोमाग जाऊबाई आल्या.

"मनाले लावून घेऊ नको वं," म्हणत त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवू लागल्या. अंबाड्याशी त्यांचा हात थांबला. त्यांनी केसांतून काहीतरी काढून तळव्यावर घेतलं. तांदळाचा दाणा होता, कुंकवाने लाल झालेला.

मी गॅसकडे बघत राहिले. आता त्या बाहेर हाक मारतील आणि हे जन्मभरासाठी भावाला मुकतील, असं वाटलं.

जाऊबाईंनी हळूच विचारलं, "साडी कोणती नेसली होती पोरीनं?"

"पिवळी. दिवाळीत तुम्ही दिलेली."

"शोभली असन तिले."

"हो."

त्यांनी तो दाणा पदराच्या टोकाला बांधला, चहाचा ट्रे उचलला आणि बाहेर गेल्या. "तिले काही विचारू नका आता," त्या दिरांना सांगत होत्या, "लय थकली हाये."

मी ओट्याला टेकून उभी राहिले. लेक सासरी गेल्याचं रडू मला तेव्हा आलं.