आमच्या वावरातला बेसबॉल

दादा गेल्यावर भेटायला येणारे, तो शिकवायचा त्या शाळेतले शिक्षक एक वाक्य हमखास बोलत. "पोरं मोबाइलमधून मान वर काढत नाहीत, नाहीतर सरांचा बेसबॉल बंद पडला नसता." मी चहा देता देता मान हलवी. सुतकाच्या घरात वाद घालू नये. पण तो खेळ बंद पडला तेव्हा आमच्या गावात मोबाइल मोजक्याच खिशांत होते.

शाळेला मैदान नव्हतं. शाळेमागचं सपाट वावर आमचं. बाबा त्यात मूग पेरत. दसऱ्याच्या आधी ते मोकळं होई आणि दादा चुन्याने मैदान आखून घेई. क्रिकेट गल्लीतही भागतं. बेसबॉलला लांब उभी राहणारी पोरं लागतात आणि त्यांच्यासाठी रिकामी जमीन.

मग बीटी कपाशी आली. बाबांनीही मूग सोडला. कापूस वेचून झाला तरी पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटायची नाही, पाणी देऊन पुन्हा बोंडं धरायची. याला आमच्याकडे फरदड म्हणतात. त्या फरदडीपायी वावर होळीपर्यंत अडकून राहू लागलं.

शाळेत पोरं विचारत, "सर, वावर कधी मोकळं होते?" घरी बाबांना हेच विचारायला दादाची जीभ रेटत नसे. फळ्यावरचे नियम पोरं तरी किती दिवस ऐकणार? एकेक गळू लागलं.

एका हिवाळ्यात त्याने धीर केला. "बाबा, पोरं घेऊन लवकर वेचून देतो, मग पऱ्हाटी उपटू. बुलढाण्याले स्पर्धा आहे."

"वेच ना मंग. मी कुठी नाही म्हणून राह्यलो?"

रविवारी उरलेली सगळी टीम वावरात उतरली. "झेल बे!" म्हणत कापसाचे बोळे इकडून तिकडे उडू लागले. बाबा बांधावरून ओरडले, "अबे, कापूस हाय तो, चेंडू नोहे!" पण वेचणी अशी साफ झाली की तेही खूश झाले.

तिथेच चूक झाली. ओझं उतरलेली ती हिरवीगार झाडं पाहून बाबांनी दुसऱ्या दिवशी विहिरीवरची पाण्याची मोटर सुरू केली.

"असली पऱ्हाटी कोणी उपटते काय?"

"तुम्ही हो म्हटलं होतं, बाबा."

"वेच म्हटलं होतं."

पोरांचा हात चांगला चालतो हे गावाला कळलं आणि दर रविवारी कोणी ना कोणी त्यांना वेचायला नेऊ लागलं. त्या नव्या बोंडांत पुढे गुलाबी अळी निघाली, पण तोवर टीम मोडली होती.

स्पर्धेला दादा उरलेल्या तीन मुलींना नुसतं बघायला घेऊन गेला. सोबत मुली होत्या म्हणून वाचनालयातल्या माझ्या कामावर सुट्टी टाकून मीही गेले. आम्ही कुंपणाबाहेर दगडांवर बसलो.

"सर, आपण कोणाच्या बाजूनं?" एकीने विचारलं.

"जो हरीन त्याच्या," दुसरी म्हणाली. "आपल्याले सवय हाय."

सगळ्या हसल्या, दादाही हसला. सामना रंगात आला होता, मुली उभ्या राहून ओरडत होत्या, तेवढ्यात त्याने घड्याळ पाहिलं.

"चला. बस चुकीन."

"सर, थोडंसंच राह्यलं ना!"

तो उठला होता. संध्याकाळी मोटरीची लाइन, म्हणजे वीज, येणार होती आणि फरदडीला पाणी द्यायची पाळी त्याची होती.