तेलाची राखण

सलबियानं मलेशियातल्या जोहोरच्या पामतेल कारखान्यातल्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं एकच काम केलं: तेल खवट कधी होतं ते तपासणं. त्या बाबतीत बाईंचा शब्द म्हणजे शेवटचा. चहाला आलेल्या शेजारणीलाही ती ऐकवायची, "ई जीवनसत्त्व एकटं नसतं बाई, आठ भावंडं आहेत. चौघांची शेपटी सरळ, चौघांची वाकडी. बाजारच्या गोळीत बहुतेक सरळवाला एकटाच. आपल्या पामतेलात वाकडेच जास्त. हवा लागली की आधी स्वतः खराब होतात, पण तेलाला धक्का लागू देत नाहीत."

तिच्या नवऱ्याच्या, दरूसच्या, हृदयात धातूची झडप बसवली आणि रक्त पातळ ठेवायची गोळी जन्माची मागे लागली. सलबियाच्या मनानं घेतलं, तेल टिकतं तर माणूस का टिकू नये? जुन्या ओळखीतून तिनं वाकड्या शेपटीवाल्यांच्या कॅप्सूल आणल्या. डबीवर 'रोज एक' असं लिहिलेलं. ही सकाळच्या नासी लेमाकबरोबर, नारळाच्या दुधातल्या भाताबरोबर, तीन द्यायची.

"हे कसलं औषध गं?"

"औषध कसलं, आपलंच तेल आहे. गिळा मुकाट्यानं."

दोन महिन्यांत दरूसच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. गोळीसाठी करायची रक्ताची चाचणी मात्र ठीक यायची. डॉक्टर लेच्चुमी चक्रावल्या. "मावशी, आणखी काही देता का यांना?"

"छे हो."

आणि बाई खोटं बोलत नव्हती, हीच तर पंचाईत. तिच्या लेखी तेल ते तेल.

मग एका सकाळी दरूसच्या नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेचना. इस्पितळात डॉक्टरांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा सलबियानं पिशवीतून डबी काढली.

डॉक्टरांनी डबी वाचली. "तेल नासू नये एवढंच तुम्ही बघितलंत, मावशी. रक्ताला वेळेवर गोठावंही लागतं. आधीच ते पातळ केलेलं, त्यात हे, आणि आपल्या चाचणीत हे दिसतही नाही. रोज किती?"

सलबिया सांगणार तोच खाटेवरून, नाकात बोळा असलेला दरूसच बोलला, "एक. माझ्या मनानं घ्यायचो. हिला ठाऊक नव्हतं."

डॉक्टर लिहू लागल्या.

"तीन," सलबिया म्हणाली. "मीच देत होते. ते मला वाचवतायत."

दरूसनं हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत तो काळानिळा पडला होता. कुठं धरावा, तिला कळेना.