बटणावरची काळी लव

शारदाबाईंची पर्स त्या दिवशी पालकाच्या वाफ्यात पडली. उचलून पाहतात तो तिच्या चुंबकाच्या बटणाला बारीक काळी लव चिकटलेली. मग त्यांनी मुद्दामच पानांवरून बटण फिरवलं. पुन्हा लव. चुंबकाला चिकटतं ते लोखंडच, हे त्यांना ठाऊक होतं.

दिवाकरराव रेल्वेतून निवृत्त झाल्यावर शहरातल्या गुढियारी भागात राहणाऱ्या या जोडप्याने सिलतरा गावाजवळ छोटं शेत घेतलं होतं. शेणखत घालायचं, निंबोळीचा अर्क मारायचा. औषधाचा थेंब नाही. दर रविवारी राज्याच्या नव्या राजधानीतल्या एका वसाहतीत बाई भाजी घेऊन बसत. पाटीवर लिहिलेलं, ‘जैविक भाजी, जवळच्या शेतातली’. त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त ते शेत आणखी कशाच्या जवळ आहे, हे कुणी विचारलं नव्हतं. बांधावरून लोखंडाच्या कारखान्यांची धुराडी दिसत.

“धूळच आहे, धुतली की जाते,” दिवाकरराव म्हणाले. “तू काहून एवढी घाबरून राहिली?”

“ते वसाहतीतल्या पूर्णिमाची पोट्टी हाच पालक खाते ना!”

“मग लोखंडी होईल पोट्टी!”

बाईंना हसू आलं नाही. पालक तीनदा धुतला, तरी तळाच्या पाण्यात बटण काळं झालंच.

रविवारी त्या टोपल्या घेऊन गेल्या खऱ्या, पण फडकं काढायला हात उचलवेना. तेवढ्यात पूर्णिमा आली. कडेवर दहा महिन्यांची स्वरदा.

“दीदी, हमारी भाजी? बाजारातला पालक दिला तर ही थुंकते, इतकी नखरेवाली!”

पूर्णिमाने स्वतःच फडकं सारलं. स्वरदाने वाकून एक पान ओढलं आणि तोंडात कोंबलं. शारदाबाईंनी झडप घालून ते बाहेर खेचलं. पोर किंचाळली. आजूबाजूच्या बायका वळून पाहू लागल्या.

“अहो, हे काय?”

शारदाबाईंनी पर्सचं बटण पानांवरून फिरवलं आणि काळं झालेलं पुढे धरलं. “कारखान्याची लोखंडी धूळ आहे.”

पूर्णिमाचं हसू मावळलं. “हे... कधीपासून?”

“मले नाही माहीत, बाई.”

पूर्णिमा ओढणीच्या टोकाने लेकीची जीभ पुसत राहिली. टोक हिरवं होत होतं, तरी ती थांबेना. शारदाबाईंनी पाटी उलटी ठेवली, एक जुडी पिशवीत घातली.

“डॉक्टरले दाखवू. हे पानं बी दाखवू. चाल, मी येतो संगं.”

टोपल्या तिथेच राहिल्या.