वहिनीनं पाहिलेला दगड

लघुग्रह पृथ्वीजवळून जाणार, ही बातमी टीव्हीवर दोन दिवस भीतीच्या संगीतासकट वाजत होती. तिसऱ्या दिवशी एक ज्योतिषी येऊन सांगून गेला, गरोदर बायकांनी उघड्यावर येऊ नये. झालं! वहिनीला सहावा महिना. आईनं तिला ग्रहणाचे सगळे नियम लावले. विळी धरायची नाही, सुई धरायची नाही, अंधार पडला की आत.

आणि हे आमच्या घरात! आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा देव्हारा उचलून बाहेर ठेवला होता. आईला बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ आहेत. मी अवसरीच्या कॉलेजच्या गेटवर अंधश्रद्धेविरुद्ध पत्रकं वाटते.

"तुझं भाषण गेटवर कर," आई म्हणाली. "हिचं पहिलं राहिलं न्हाई. तवा तू आली व्हतीस का दवाखान्यात?"

नव्हते गेले. परीक्षा होती. तरी मी म्हणाले, "तेव्हा कोणता दगड गेला होता वरून?"

आई विळी उचलून आत गेली. मी जरा जास्तच बोलले होते, पण शब्द मागे घेतला नाही.

संध्याकाळी सातला मी स्लॅबवर आमच्या खगोलप्रेमी मित्रमंडळाची दुर्बीण लावली. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या अँटेनांच्या बाजूला आभाळ स्वच्छ होतं. थोड्या वेळानं जिन्यात पावलं वाजली. वहिनी, एकटीच.

"आत बसून भिंती बघू का? मलाबी बघू द्या."

मी नकाशा पाहून ऐटीत एक ठिपका दाखवला. लघुग्रह ताऱ्यासारखाच दिसतो, सरकला तरच ओळखू येतो. वहिनीनं डोळा लावून दिसतील तेवढी टिंबं वहीत काढली. दहा मिनिटांनी पुन्हा पाहिलं.

"ताई, तुमचा हाय तिथंच हाय. त्याच्या खालचा हालला!"

मी पाहिलं. तिचंच बरोबर होतं. 'स्वतः तपासा' असं पत्रकावर मी छापते. तपासलं तिनं.

एवढ्यात आई वर आली. "पोटातल्याला काय झालं म्हंजे?"

"झालं तर डॉक्टरकडं जाऊ, आई," वहिनी पुन्हा दुर्बिणीला डोळा लावत म्हणाली. "पण मी आत न्हाई जायची."

पुढं मुलगी झाली, ठणठणीत. पाहुणे म्हणतात, बघा, काही झालं नाही, तुम्ही जिंकलात. मला असलं जिंकणं नको. वाईट झालं असतं तरी त्या दगडाचा संबंध नव्हता, आणि वहिनीचा दोष तर नव्हताच. हे मी तसल्या दिवशीही सगळ्यांच्या तोंडावर सांगितलं असतं.