इंद्रायणीचं राउटर

पुनावळ्यातली शेती गेली, तिथं चार मजली घर उभं राहिलं आणि थोरल्या जयसिंगने घरभर कॅमेरे बसवले. फाटकावर, पार्किंगमध्ये, जिन्यात आणि शेवटी हॉलमध्येही. तो दिवसभर चाकणच्या कांदा मार्केटात असायचा, पण घर त्याच्या फोनमध्ये उघडं. "दुपारी दोघी जावा कुणाला हसत होता?" असा फोन यायचा. सासूबाई, दुर्गाबाई, पंख्याखाली आडव्या झाल्या तरी पदर सावरून भिंतीकडे तोंड करायच्या.

धाकटी सून इंद्रायणी एका कारखान्यासाठी सुट्या भागांची ड्रॉइंग घरीच कॉम्प्युटरवर काढायची. तिचं टेबल त्याच हॉलमध्ये होतं. तिने थोरल्या दिराला सरळ विचारलं, "भाऊजी, हॉलमधला कॅमेरा काढता का? घरात मोकळं बसता येत नाही."

"चांगल्या घरच्या बाईला कॅमेऱ्याची भीती कशापायी?" जयसिंग म्हणाला आणि उठून गेला.

ते तिला झोंबलं. नवरा भैरू कंपनीतून आला तेव्हा ती राउटरची माहिती वाचत बसली होती. इंटरनेटचं कनेक्शन कामासाठी तिनेच स्वतःच्या नावावर घेतलेलं. सगळ्यांचे फोन आणि सगळे कॅमेरे तिच्याच राउटरवर चालत.

"व्हीलॅन करायचेत," ती म्हणाली.

"व्हिलन?"

"व्हीलॅन. राउटर एकच, पण आत वेगवेगळे भाग पाडायचे. या भागातलं त्या भागाला दिसत नाही. आणि कुठल्या भागाला इंटरनेट द्यायचं, ते आपण ठरवायचं."

"दादाशी कशाला वाकडं घेतीस?"

"वाकडं नाही घेत. वेगळं करतीय."

पहिल्या खेपेला ती सपशेल फसली. तिचा कॉम्प्युटर ज्या वायरीने राउटरला जोडलेला, तीच वायर तिने कॅमेऱ्यांच्या भागात टाकली आणि स्वतःच बाहेर पडली. राउटर तिला आत घेईना. घरभर इंटरनेट बंद. दुर्गाबाईंची मालिका मध्येच थांबली, चाकणहून फोनावर फोन. तिने टाचणीने मागचं बारीक बटण दाबून राउटर कोरा केला आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी आपली वायर शेवटपर्यंत हलवली नाही. कामाचा कॉम्प्युटर एका भागात, घरातले फोन आणि टीव्ही दुसऱ्यात, फाटक-पार्किंगचे कॅमेरे तिसऱ्यात. हॉल आणि जिन्यातले कॅमेरे चौथ्यात, आणि त्या भागाचं इंटरनेट बंद.

हे तिने लपवलं नाही. रात्री जेवणाच्या पानावर सगळ्यांसमोर सांगितलं. "भाऊजी, फाटक आणि गाड्या तुम्हाला फोनवर दिसतील. घरातलं दिसणार नाही."

जयसिंगने घास ताटात ठेवला. "कुणाला इचारून?"

"कॅमेरा लावताना मला कुणी विचारलं होतं?"

भैरू खाली मान घालून भात कालवत राहिला. दुर्गाबाई मात्र बोलल्या. "जयसिंगा, मला बी नगं त्यो. सोताच्या घरात मी पाय पसरून बसले न्हाई कवाधरनं."

जयसिंग ऐकणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने कॅमेरे बसवणाऱ्या माणसाला आणलं. तो पासवर्ड मागू लागला. इंद्रायणी राउटरसमोर उभी राहिली.

"पासवर्ड मिळणार नाही."

"मंग रिसेट मार रे," जयसिंग म्हणाला.

"हात लावायचा नाही. कनेक्शन माझ्या नावावर आहे. रिसेट केलंत तर आजच बंद करून टाकीन. मग फाटकही दिसणार नाही."

त्या माणसाने दोघांकडे पाहिलं. "राव, तुमच्यात ठरवा आन् बोलवा," म्हणत पिशवी उचलली.

जयसिंगने वरच्या मजल्यावर वेगळं कनेक्शन घेतलं आणि इंद्रायणीशी बोलणं टाकलं. हॉलमधला कॅमेरा वरच्या वायफायला जोडायला तो एकदा स्टूल घेऊन आला होता. दुर्गाबाई त्या स्टुलावरच बसल्या आणि उठल्या नाहीत.

पुढच्या आठवड्यात थोरली जाऊ भाग्यश्री फोन घेऊन खाली आली. "इंद्रा, तुझ्या वायफायचा पासवर्ड देतीस? वरचं नको मला. यांना कळू देऊ नकोस."

इंद्रायणीने फोन हातात घेतला. "कळू दे की, ताई," ती म्हणाली आणि पासवर्ड टाकून दिला.