लेकुरवाळीची ओटी

लेकीला लातूरच्या दवाखान्यात ठेवून आम्ही दोघं नवरा-बायको गोव्याला गेलो, हे आजही मी कुणाला सांगत नाही. समुद्र बघायला गेले म्हणतील. डॉक्टरांनी हात टेकले होते. वॉर्डातल्या एका नर्सनं बायकोला सांगितलं, गोव्यातल्या एका चर्चमधली मारियामाता कुणाचंही ऐकते. माहूर, तुळजापूर करून झालं होतं. मी चिडलो. देवाधर्मावर माझा विश्वास कधीच नव्हता. पण लेकच म्हणाली, "जाऊन या बाबा. मावशी हाय की माझ्यापाशी."

चर्च बघून माझं डोकंच फिरलं. पिळाचे खांब, भिंतभर सोन्याचा मुलामा, ढगांवर बसलेली गुबगुबीत पंखवाली पोरं. एवढ्या थाटात राहणारीला आमचं रडगाणं काय ऐकू येणार? बायकोला मात्र मधल्या मूर्तीच्या कडेवरचं बाळ तेवढं दिसलं. "आवो, लेकुरवाळी हाय," म्हणाली आणि पिशवीतून खण, नारळ, तांदूळ काढून थेट ओटी भरायला निघाली.

पुढं दोर लावलेला होता. तिथल्या म्हाताऱ्या राखणदारानं तिला अडवलं, पण तो हसला नाही. बाजूच्या लहान वेदीपाशी नेऊन म्हणाला, इथं ठेवा, हीसुद्धा तीच आई. या मूर्तीच्या मांडीवर मात्र एक मोठा, हातपाय सैल सुटलेला माणूस आडवा होता.

"ह्यो कोण?" बायकोनं विचारलं.

"तिचा मुलगा. त्याला मारलं लोकांनी."

बायको बराच वेळ बघत राहिली. मग तिनं ओटी ठेवली, डोकं टेकलं, काहीतरी पुटपुटली. बाहेर पायरीवर बसल्यावर मी विचारलं, काय मागितलंस.

"काय मागू? तिचंच लेकरू ऱ्हायलं न्हाई. मागं कशी जगलीस, तेवढं इचारलं."

मला तिचा भयंकर राग आला. देव मी मानत नव्हतो. पण ती मानते, एवढ्यावरच मी इतके महिने तग धरून होतो, हे तेव्हा कळलं. आता आमच्यात आशा धरणारं कुणीच उरलं नव्हतं.

तेवढ्यात लेकीचा फोन आला. बायकोनं तो माझ्या हातात दिला.

"दर्शन झालं का बाबा? आईनं काय मागितलं?"

"तुला लवकर घरी न्यायला मिळू दे," मी म्हणालो.

"मंग होईल," ती म्हणाली. "आईचं ऐकतेत देव."