हवालदारांचं टेरिबल

शेजारचे हवालदार पलटणीतून घरी आले ते टेरिबल हा शब्द घेऊनच. पासष्टची लढाई टेरिबल, आमच्या हिचा मिरचीचा खर्डाबी टेरिबल. मी अडाणी माणूस. विचारलं, "हवालदार, टेरिबल म्हंजी चांगलं का वाईट?"

"आवं तात्या, लयच्या पल्याड जे असंल ते टेरिबल."

पुढं ही वारली. म्हशीला फक्त तिचाच हात ठावा. दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देईना, कास तटून रेकायला लागली. तवा हवालदारांनी हिचं लुगडं मागितलं, अंगावर गुंडाळलं, मिशीवरनं पदर घेतला आणि धार काढायला बसले. वास ओळखून म्हशीनं पान्हा सोडला. दारातल्या बायका हसल्या.

आता हवालदार टेरिबल म्हणतील, म्हणून मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो.

चरवी माझ्या हातात देत ते एवढंच बोलले, "सांजला येतो. लुगडं धुऊ नका."